वाटीवरचं नाव

माझ्या मुलीचं नाव ठेवायच्या आधीच मी ते शंभरावर वाट्यांवर कोरून ठेवलं, आणि तेही चुकीचं.

हे वाक्य एकदाचं लिहून टाकलेलं बरं. नाहीतर मी ही गोष्ट अशा काही वळणानं सांगत नेतो की शेवटी सगळा दोष वाटीचाच निघतो आणि ऐकणारा मला चहा पाजून घरी पाठवतो. बायकोनं हे दोनदा पाहिलं आहे. तिसऱ्यांदा ती म्हणाली, लिहायचंच असेल तर पहिल्या ओळीत कबूल करा, मग पुढं काय लिहायचं ते लिहा.

परभणीत माझं भांड्यांचं दुकान आहे. वडिलांच्या मागं ते माझ्याकडं आलं. दुकानात तिघं कामाला आहेत असं मी सांगतो. त्यातले दोघं म्हणजे मीच, आणि तिसरं म्हणजे नाव घालायचं मशीन. जाड पेनासारखं दिसतं, वायर लावली की गांधीलमाशीसारखं गुणगुणतं, आणि स्टीलवर टेकवलं की अक्षर उमटतं. आमच्या भागात बिननावाचं भांडं घरात टिकत नाही. पंगतीला गेलेलं पातेलं, शेजारी गेलेली परात, प्रसादाला दिलेला डबा परत येतो तो त्याच्यावरच्या नावामुळं. म्हणून गिऱ्हाईक भांडं वाजवून बघतं, भाव कमी करून मागतं, आणि मग म्हणतं, नाव घालून द्या. मी विचारतो, घेणाऱ्याचं घालू का देणाऱ्याचं? कारण आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं आणि घरच्या भांड्यावर घरवाल्याचं. हा प्रश्न मी रोज इतक्या वेळा विचारतो की एकदा झोपेतही विचारला, असं बायको सांगते. वाचणाऱ्यानं हा प्रश्न ध्यानात ठेवावा. मी ठेवला नाही.

या कामात माझं अक्षर चांगलं आणि लक्ष वाईट. एका लग्नाच्या हंड्यावर ‘मामाकडून’ घालायचं होतं, मी ‘मामीकडून’ घातलं. ज्या मामीनं त्या लग्नात चमचाही दिला नव्हता ती रातोरात हंड्याची धनीण झाली. मामा दुकानात येऊन बरंच बोलून गेला. मामी मात्र आजही भांडी माझ्याकडूनच घेते.

तर मशीन असं, आणि मी असा. आता माझी थोरली बहीण.

तिला मी आक्का म्हणतो. आई-वडील गेल्यावर तिचं माहेर म्हणजे मी आणि माझं दुकान, एवढंच उरलं. ती पाथरीला दिलेली. तिथं किराण्याचं दुकान, घरात दाजी आणि दाजींची आई. त्या म्हातारीला पाथरीतलं सगळं जग मोठीआई म्हणतं, म्हणून आम्हीही. मोठीआई आणि आक्का यांच्यात भांडण कधी नव्हतं. त्यांच्यात बोलणंच नव्हतं. एका स्वयंपाकघरात उभं राहून दोघी तिसऱ्याला सांगायच्या. ‘त्यांना म्हणावं, भाजीत मीठ कमी हाय.’ ‘त्यांना म्हणावं, डाक्टरनं कमीच सांगितलंय.’ तिसरा म्हणजे दाजी. गरीब माणूस. घरात असला की पोस्टमन असायचा.

माझं लग्न झालं तेव्हा नव्या नवरीला घेऊन मी दारात आलो आणि आक्का आडवी उभी राहिली. ही आमची रीतच आहे. बहीण दार अडवते, काहीतरी मागते, भाऊ कबूल करतो, मग आत सोडते. कोणी साडी मागतं, कोणी सोन्याचं काही, कोणी ‘तुझी लेक माझ्या लेकाला देशील का’ म्हणून ठरलेली थट्टा करतं. आक्काला लेकरू नाही. बायका जरा गप्पच झाल्या, आता ही काय मागते म्हणून. ती म्हणाली, तुझ्या पहिल्या लेकराचं नाव मी ठेवणार. कोणी विचारायचं न्हाई, कोणी सुचवायचं न्हाई, कोणी बदलायचं न्हाई. मी म्हटलं, दिलं. माझ्या पायात नवी चप्पल चावत होती, त्या घाईत मी दुसरं काहीही कबूल केलं असतं. पण कबूल केलं ते सगळ्यांच्या देखत.

मग आम्हाला मुलगी झाली.

बाळंतपण बायकोच्या माहेरी, झरीला. बाळ जरा हलकं होतं म्हणून काही दिवस दवाखान्याच्या काचेत ठेवलं. त्या दिवसांत मी एकही विनोद केला नाही, यावरून काय ते समजावं. बाळ घरी आलं, रडायला लागलं, आणि येलदरी धरणाचे दरवाजे उघडावेत तसं रडायला लागलं तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. या सगळ्यात बारसं बाराव्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या महिन्यात करायचं ठरलं.

तोपर्यंत मी आणखी एका रोगाच्या तावडीत सापडलो होतो. माझ्या दुकानाशेजारी मेडिकलवाला आहे. त्याला मुलगा झाला तो माझ्या मुलीच्या जरा आधी. दोघांची लस एकाच दवाखान्यात. तिथल्या आयाबापांनी मिळून फोनवर एक ग्रुप काढला. सुरुवातीला त्यात लसीनंतर ताप आला तर काय, पोटात गुबारा धरला तर ओवा किती, असली कामाची चर्चा असायची. पुढं त्याचा आखाडा झाला.

मेडिकलवाला सकाळी शटर उघडायच्या आधीच लिहायचा, कालपासून आमचा मान धरायलाय. मी झरीला फोन लावायचो, आपली मान धरायली का? बायको म्हणायची, धरते आणि सोडते. मी ग्रुपवर लिहायचो, आमची दोन दिवसांपासून धरायली. तो लिहायचा, आमचा हुंकार द्यायलाय. मी लिहायचो, आमची वाद घालायली. एका रविवारी झरीला गेलो असताना मुलगी माझ्यासमोर चक्क पालथी पडली. मी जागेवरूनच जाहीर केलं, फोटोसकट. ग्रुपवर टाळ्यांची रांग लागली. मग टाळ्यांच्या खाली बायकोचा संदेश आला. ती त्या ग्रुपमध्ये आहे हे मी विसरलोच होतो. तिनं लिहिलं होतं, ‘बाबांनी खालची उशी ओढली म्हणून घरंगळली.’

मेडिकलवाल्यानं दोन दिवस दुकानावरून जाताना नुसतं ‘उशी’ एवढंच म्हटलं.

त्यात त्याच्या मुलाचं बारसं झालं. त्यानं आलेल्या प्रत्येकाला कप दिला. कपावर मुलाचा फोटो आणि खाली मुलाचं नाव. मी तो कप घेऊन घरी आलो आणि त्यात चहा पिता पिता ठरवलं, की माणूस औषधं विकून नावाचा कप वाटतो, आणि मी? ज्याचा जन्म नावं घालण्यात गेला तो मी रिकाम्या हातानं घुगऱ्या वाटू? बारशाच्या घुगऱ्या वाटीतूनच द्यायच्या, वाटी स्टीलची, चांगल्या जाडीची, आणि तिच्यावर माझ्या हातानं घातलेलं माझ्या मुलीचं नाव. कप फुटतो. वाटी तिच्या लग्नापर्यंत घरोघर राहील.

अडचण एकच होती. नाव आक्काच्या पोटात.

फोन केला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, आक्का, नाव काय ठरवलंस? ती म्हणाली, ठरवलंय. मी म्हटलं, मला तरी सांग. तर म्हणाली, ‘लेकराच्या कानाआधी ते कोणाच्याच कानात जाणार न्हाई. तुझ्या तर न्हाईच न्हाई. तुझं तोंड म्हणजे बसस्टँडचा भोंगा हाय.’

दाजींना वेगळा फोन केला. ते म्हणाले, मला निरोप सांगायला देतात, नाव न्हाई देत.

बारशाला आठवडा उरला तेव्हा पाथरीच्या जीपवाल्यानं एक पुडकं दुकानात आणून दिलं. आक्कानं शिवलेली कुंची, काळ्या मण्यांच्या मनगट्या आणि कापडात गुंडाळलेली एक चांदीची वाटी. लहानशी, बाळाच्या तोंडाला लावायची. काळी पडलेली. मागोमाग आक्काचा फोन आला की वाटी नीट उजळून ठेव, बारशाला लेकराच्या तोंडाला तीच लावायची हाय, अन् ऐक, ती वाटी म्हणजे... तेवढ्यात समोर कुकरचं गिऱ्हाईक आलं. मी ‘कळलं, कळलं’ म्हणून फोन ठेवला. माझ्या आयुष्यातल्या अर्ध्या भानगडींची सुरुवात ‘कळलं, कळलं’ या दोन शब्दांनी होते. उरलेल्या अर्ध्यांची ‘सोडा, मी करतो’नं.

वाटी घासली. काळं निघत गेलं तसं काठाखाली नाव दिसायला लागलं. मुलीचं नाव. तीनच अक्षरांचं, गोड, जुन्या वळणाचं. आता अशीच नावं परत आली आहेत. लसीच्या रांगेत हाका ऐकल्या तर वाटतं आपल्या आज्या-पणज्याच लस घ्यायला आल्यात. मी उडालोच. आक्कानं मला सांगायचं नाही म्हणून सांगितलं नव्हतं, पण वाटीवर मात्र घालून पाठवलं होतं. भाऊ नाव घालणारा, म्हणून बहिणीनं नावातूनच खूण पाठवली, असं मी स्वतःला समजावलं आणि माझे डोळे भरून आले.

आता धंद्यातला माणूस म्हणून मला जे दिसलं तेही सांगतो, म्हणजे माझी अक्कल किती खोल होती ते कळेल. नाव मशीननं घातलेलं नव्हतं. हातोडी आणि छिन्नीनं ठिपके ठिपके मारून घातलेलं होतं, पूर्वीचे लोक घालायचे तसं. कडा झिजलेल्या. चांदीवर वापराचे पन्नास ओरखडे. कोणीही म्हणालं असतं, वाटी जुनी आहे, नाव जुनं आहे. मी म्हणालो, पाथरीत अजून हातानं नाव घालणारा कारागीर शिल्लक आहे, बघा. आक्कानं मुद्दाम त्याच्याकडून करून घेतलं.

दुपारी गिऱ्हाईक नसतं. शटर अर्धं ओढलं आणि बसलो. सगळ्या वाट्यांवर नाव घालून झालं तेव्हा हात मशीन बंद करूनही थरथरत होता. एकेक अक्षर असं आलं होतं की त्या ‘मामीकडून’चं सगळं पाप धुऊन निघावं. पोत्यात भरल्या आणि बायकोला मुद्दाम काही सांगितलं नाही. ग्रुपवर फक्त एवढंच लिहिलं, बारशाला या, कप नाही.

बारसं झरीला, सासुरवाडीच्या अंगणात. सकाळी मठातले स्वामी येऊन गेले. मुलीच्या कपाळाला विभूती लागली, गळ्यात लिंग बांधलं गेलं, ती सगळा वेळ स्वामींच्या दाढीकडं बघत राहिली. दुपारी पाथरीची जीप आली. आक्का उतरली, दाजी उतरले, आणि दोघांच्या आधाराला न थांबता मोठीआई उतरल्या. त्या येतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. माझ्या सासूबाईंनी त्यांना मानानं बाजेवर बसवलं आणि पहिली वाटी तुमच्या हातानं भरा म्हणून घुगऱ्यांचं पातेलं पुढं ठेवलं. मी पोतं उघडलं. जादूगारासारखं उघडलं, खोटं कशाला बोलू.

मोठीआईंनी वाटी घेतली. घुगऱ्या घालायला पळी उचलली आणि थांबल्या. चष्मा वर सारला. अक्षरांवरून बोट फिरवलं. ती वाटी खाली ठेवून दुसरी घेतली, तीही वाचली. मग तिसरी.

‘हे नाव कोणी सांगितलं तुला?’

‘आक्कानं,’ मी म्हणालो. ‘म्हणजे तोंडानं न्हाई सांगितलं. पण मला कळतंय की.’

त्यांनी पहिली वाटी पुन्हा हातात घेतली. पदरानं वाटी पुसली, ती कोरी करकरीतच होती. मग हळू आवाजात म्हणाल्या, तुझ्या बहिणीला म्हणावं, एवढं कामून केलं, कशापायी केलं. मला वाटलं, खर्चाबद्दल म्हणतात. मी हा निरोप आणि नमुन्याची एक वाटी घेऊन हसत हसत आत गेलो.

आक्का आतल्या खोलीत वरवंट्याला कुंची घालत होती. बाळाच्या आधी वरवंट्याला सजवून पाळण्यात घालतात, त्यालाही काजळ लावतात. मी तिच्यापुढं वाटी धरली आणि मोठीआईचा निरोप सांगितला. तिनं वाटीवरचं नाव वाचलं. वरवंटा मांडीवर तसाच राहिला.

‘ही काय हाय?’

‘तूच तर पाठवलंस.’

‘येड्या,’ ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ‘ती मोठीआईची वाटी हाय. त्यांच्या माहेरची. त्यांच्या स्वतःच्या बारशातली. त्यांचं नाव हाय ते. लग्नात बदललं, तवापासून त्या नावानं त्यांना कोणी हाक मारली न्हाई. मागल्या आठवड्यात माझ्यापुढं आणून ठेवली, म्हणल्या, तुझ्या भाचीला दे. एवढ्या वर्षांत माझ्याशी सरळ बोललेलं ते पहिलं वाक्य.’

मला दुकानातला माझाच आवाज ऐकू आला, घेणाऱ्याचं घालू का देणाऱ्याचं.

अशा वेळी गप्प बसणारी माणसं मी पाहिली आहेत, मला त्यांचा हेवा वाटतो. मी उपाय सुचवायला लागलो. म्हटलं, पोतं परत नेतो, पॉलिश मारून नाव काढतो. ती म्हणाली, त्यात घुगऱ्या पडायल्यात. म्हटलं, आजच्या दिवस वाट्या पालथ्या ठेवू. ती वरवंट्याला काजळ लावायला लागली. मग मी म्हणालो, आक्का, असं कर, हेच नाव ठेवून टाक. चांगलं हाय नाव.

तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं.

‘दारात उभी राहून एक मागितलं होतं तुला. साडी न्हाई, सोनं न्हाई. एक नाव.’ तिनं वरवंट्याच्या कुंचीची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. ‘आता मी माझं नाव घेतलं तर त्या म्हाताऱ्या बाईचं चारचौघींत तोंड उतरणार. त्यांना वाटायलंय की मीच त्यांचं नाव ठेवायले. अन् तुझं हे घेतलं तर मी मनात ठेवलेलं नाव कोणाला ठेवू? मला काय दुसरं लेकरू हाय का भाचीशिवाय?’

मी तोंड उघडलं. तिनं वरवंटाच उचलला, त्यामुळं मी मिटलं.

‘आता तू एक कर. बोलू नको. मी सांगेपर्यंत एक शब्द न्हाई. तहान लागली तरी हातानं दाखव.’

बाहेर आलो. अंगणात बायका जमल्या होत्या. मेडिकलवाला सहकुटुंब आला होता, त्याचा मुलगा मान अशी धरून बसला होता की जणू तो फोटोलाच जन्मला. बायकोनं एक वाटी उचलून वाचली, मग माझं तोंड वाचलं. तिला बहुतेक वाटीपेक्षा तोंडावरूनच जास्त कळलं. ती एवढंच म्हणाली, तरीच आठवडाभर फोनवर लय गोड बोलायले होते. बाजेवर मोठीआई वाट्या भरत होत्या, एकेक नाव समोर येईल अशी फिरवून ठेवत होत्या.

पाळण्यात आधी वरवंटा झोपला. त्याचं बारसं बिनबोभाट झालं. मग मुलीला पाळण्याखालून इकडून तिकडं दिलं, तिकडून इकडं घेतलं. पाळणा म्हणून झाला. मुलगी कधी नव्हे ती शांत होती. आक्का पुढं झाली. मी मांडवाच्या खांबाला धरून उभा होतो. समोर आक्का वाकलेली, डावीकडं मोठीआई, मांडीवर त्यांची ती चांदीची वाटी. आक्कानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, मग मुलीच्या कानाशी तोंड नेलं, कुर्र केलं, आणि बराच वेळ तशीच राहिली. रीतीप्रमाणं बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. त्यातले दोन-चार खरं तर माझ्या पाठीचे होते.

ती उठली आणि मोठ्यानं नाव सांगितलं. तिचं. तिनं मनात ठेवलेलं.

ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. माझ्या वाटीवरच्या नावापेक्षा कितीतरी चांगलं होतं. इथं लिहीत नाही. एकदा घाई करून पाहिली आहे.

टाळ्या झाल्या आणि मग, व्हायचं तेच झालं. शेजारची एक काकू बाजेवरची वाटी उजेडात धरून म्हणाली, मग ह्याच्यावर हे कोणाचं नाव घातलंय?  सगळ्यांनी आधी वाटीकडं पाहिलं, मग भांडीवाल्याकडं, म्हणजे माझ्याकडं. मोठीआईंनी मान खाली घातली होती. मला काहीतरी बोलायला हवं होतं आणि बोलायला बंदी होती. मी अंगठा तोंडाशी नेऊन पाणी मागितलं.

कोणीतरी तांब्या आणायला धावलंसुद्धा.

‘कोणाचं म्हणजे?’ आक्का म्हणाली. ‘आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचंच नाव असतंय ना. या वाट्या मोठीआईच्या हायत. त्यांच्या माहेरची वाटी माझ्या भाचीला आली, म्हणून आजच्या घुगऱ्या त्यांच्या माहेरच्या नावानं वाटायच्या. आन् त्यांच्याच हातानं.’ मग ती वळली. मध्ये दाजी उभे होते, त्यांनी सवयीनं निरोप घ्यायला तोंड पुढं केलं. ती त्यांना ओलांडून गेली. ‘उठा मोठीआई. बायका थांबल्यात.’

मोठीआई लगेच उठल्या नाहीत. त्या आक्काकडं बघत राहिल्या. त्यांना सगळं कळलं असावं. माझ्यासारख्या माणसानं चूक केली की ती लांबून ओळखू येते, पाण्याच्या टाकीसारखी. मग त्यांनी गुडघ्यावर हात टेकला, उठल्या, आणि पहिली वाटी उचलून काकूच्या हातात ठेवली. ‘माझं नाव हाय हे,’ त्या म्हणाल्या. ‘माहेरचं.’ पुढची बाई आली, तिलाही तेच. पाच-सहा जणींनंतर त्यांनी ते नाव तोंडानं उच्चारलं. आधी पुटपुटल्यासारखं, मग जरा ऐकू येईल असं. कोणीतरी म्हातारी मागून थट्टेनं त्या नावानं हाक मारून म्हणाली, आमाला कवा देतीस? मोठीआई पटकन ‘ओ’ म्हणाल्या आणि स्वतःच लाजल्या.

पुढं काय झालं ते फारसं माझ्या बाजूचं नाही. मेडिकलवाला पाळण्याच्या वेळी मुलाला घेऊन बाहेर गेला होता आणि घुगऱ्या घ्यायलाच परत आला, त्यामुळं त्यानं मधलं काही ऐकलंच नाही. त्यानं वाटीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली वाटीवरच्याच नावानं बाळाला आशीर्वाद दिला. मी दुरुस्ती टाकेपर्यंत सगळ्यांनी आशीर्वाद देऊन टाकले होते. अजून लसीच्या रांगेत कोणी ना कोणी माझ्या मुलीची चौकशी मोठीआईच्या नावानं करतं, दात आले का म्हणून. मी म्हणतो, येतायत. आणि मोठीआईचे पडतायत, हे मनात म्हणतो.

ऊन उतरल्यावर पाथरीची जीप दारात लागली. उरलेल्या वाट्या मोठीआईंनी धोतराच्या कापडात बांधून स्वतःच्या मांडीवर घेतल्या, कोणाला धरू दिल्या नाहीत. आक्का त्यांच्या शेजारी बसली. दाजी मागं, बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा बिनकामाचे. आक्कानं मला अजून बोलायची मोकळीक दिलेली नव्हती आणि मीही शहाणपणा केला नव्हता. जेवताना मी मीठसुद्धा खुणेनं मागितलं होतं, तर वाढपी साखर वाढून गेला. खिडकीतून हात घालून मी मोठीआईंच्या पायाला हात लावला आणि आक्काकडं बघून तोंडाकडं बोट केलं. म्हणजे, आता बोलू का?

आक्का हसू दाबत दुसरीकडं बघायला लागली. उत्तर मोठीआईंनी दिलं.

‘तुला नाव घालायला येतंय, तेवढंच कर बाबा. ठेवायला ही हाय. अन् तुला नावं ठेवायला आमी दोघी हाव.’